पंचामृतातलं लायसन्स

मी आयुष्यभर न दिसणारा माल विकला. मेथीची जुडी दिसते, सोनाराच्या पाटल्या दिसतात, विम्याचा निदान कागद तरी हातात येतो. माझ्या मालाला ना वजन, ना वास. मी नाशकात सॉफ्टवेअरची लायसन्सं विकायचे, आणि तीही अशा काळात की तेच सॉफ्टवेअर दोन प्लेट मिसळीच्या पैशात सीडीवर मिळायचं, वर सीडीवाला घरी येऊन बसवूनही द्यायचा. माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत पाहुण्यांना "आमची सून कॉम्प्युटर रिपेर करते" असंच सांगितलं. सुरुवातीला मी समजावायला जायचे. मग नाद सोडला आणि पाहुण्यांचे बंद पडलेले रेडिओसुद्धा हातात घेऊन बघायला लागले.

आधी धंदा काय तो सांगून टाकते, कारण लायसन्स म्हटलं की भल्याभल्यांच्या डोळ्यांपुढे आरटीओचं ऑफिस उभं राहतं. सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपण म्हणतो ते साफ खोटं. आपण विकत घेतो ती फक्त वापरायची परवानगी. नव्वदच्या दशकात ही परवानगी एकदाच घ्यायची असायची. पैसे मोजा, खोका घ्या, जन्मभर वापरा. खोक्यात एक सीडी, कोणीही कधीही न उघडलेलं एक जाडजूड पुस्तक आणि अंगठ्याएवढं एक प्लास्टिकचं लॉक. हे लॉक कॉम्प्युटरच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर लागते तिथे खोचायचं. ते असेल तर सॉफ्टवेअर उघडणार, नसेल तर नाही.

पुढे दोन हजार सालानंतर सॉफ्टवेअर कंपन्यांना अक्कल आली. गिऱ्हाईक एकदा खोका घेऊन गेलं की परत तोंड दाखवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी वर्षाचं लायसन्स काढलं. दर वर्षी थोडे पैसे भरा, नव्या सुधारणा आपोआप मिळवा. नाही भरले तर ठरल्या तारखेला सॉफ्टवेअर मान टाकणार. आता हे नाशिककराला विकून दाखवा.

"म्हणजे भाड्यानं?" हा पहिला प्रश्न. "भाडं नाही हो, वर्गणी म्हणा," असं एकदा माझ्या तोंडून गेलं आणि पंचवटीतला एक प्रेसवाला फिस्सकन हसला. म्हणाला, "बाई, वर्गणी घेतली की गणपतीवाले आरतीला तरी बोलावतात. तुम्ही कुठं बोलावणार?" त्यानंतर मी वर्गणी हा शब्द वापरला नाही.

लासलगावचे एक कांद्याचे अडते होते. त्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं लायसन्स हवं होतं. गादीवर लोडाला टेकून त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "अमावस्येचं काय?" मला कळेना. "अमावस्येला आमचा लिलाव बंद असतो ताई. मार्केट बंद म्हंजे कॉम्प्युटर बंद. वर्षाच्या तेवढ्या अमावस्या वजा करा. उभ्या ट्रकचं भाडं मी ट्रकवाल्यालाबी देत नाय." मी त्यांच्याच फोनवरून मुंबईच्या ऑफिसला खरंच विचारलं, अमावस्येची काही सवलत बसते का. पलीकडच्या माणसाने राँग नंबर म्हणून फोन ठेवला. शेवटी मी माझ्या कमिशनमधून अमावस्या वजा करून दिल्या.

छोट्या धंद्याला लायसन्स तोलून देताना मी तीनच गोष्टी विचारायचे. काम बारमाही आहे की हंगामी? एका वेळी खरोखर किती माणसं वापरणार? आणि उद्या सकाळी ते बंद पडलं तर पहिला ठणाणा कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला "कोणीच नाही" असं उत्तर आलं की मी सरळ सांगायचे, घेऊ नका, तुमची वहीच बरी. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनी माझ्यावर कायम फुरंगटलेली असायची आणि गिऱ्हाइकं मला वेलचीचा चहा द्यायची. धंद्यात मी फार मोठी झाले नाही ती याच्यामुळेच, आणि त्याचा मला आजही थोडा माज आहे.

पण हे सगळं तोलणं, मापणं, प्रश्न विचारणं एका दसऱ्याला पार आडवं झालं. ती गोष्ट पुंजाअण्णांची.

अण्णा मूळचे दिंडोरीकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी सातपुरातच एक शेड घेतली, एक लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकलं आणि फिक्श्चर बनवायला लागले. फिक्श्चर म्हणजे एखाद्या भागाला भोक पाडताना तो हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. कामाला डझनभर माणसं होती. मुलगा प्रशांत बाहेरची धावपळ बघायचा. सून वैशाली आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेली, ती काचेच्या केबिनमध्ये बसून कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. सगळं काम एकाच मोठ्या कारखान्याचं यायचं.

ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर अर्थातच चोरीचं. सातपुरात तेव्हा कोणाचं नव्हतं? या चोरीच्या सॉफ्टवेअरची एक गंमत होती. ते उघडलं की पडद्यावर लायसन्सच्या मालकाचं नाव यायचं, आणि ते सगळीकडे एकच, कुठल्यातरी जॉनचं. हा जॉन कोण, कुठला, त्याला मुलंबाळं किती, देव जाणे. पण अर्ध्या सातपूरची ड्रॉइंग त्या बिचाऱ्याच्या नावावर निघायची. मी शेडमध्ये शिरले की आधी विचारायचे, "जॉनसाहेब आहेत का?" लोक ओशाळून हसायचे, चहा मागवायचे आणि लायसन्स काही घ्यायचे नाहीत.

अण्णांकडे पहिल्यांदा गेले तो नेमका खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी सातपुरात काम बंद, पण शेड उघडी. मशीन रॉकेलने पुसून लख्ख केलेली, त्यांना झेंडूच्या माळा. पाटावर मापाचे व्हर्निअर आणि मायक्रोमीटर, नट आवळायचे पाने, हातोड्या मांडलेल्या आणि सगळ्यांना हळदकुंकू. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर मात्र एक जुनी चादर टाकलेली.

"अण्णा, याची पूजा नाही?" मी विचारलं.

"नाय," अण्णा म्हणाले. "त्याच्यात जे हाय ते आपलं नाय."

"म्हणजे?"

"जॉनचं हाय ना ते. पोटासाठी वापरतो ताई, खोटं कशाला बोलू. पण पाटावर कसं मांडू? देव काय येडा हाय का?"

प्रशांतने कपाळाला हात लावला. "बाहेरच्या माणसापुढे काय बोलायचं ते यांना कळतच नाही," तो मला म्हणाला. मी लायसन्स विकायला आलेली बाई, एवढा आयता मोका समोर आलेला, पण पिशवीतली माहितीपत्रकं मी पिशवीतच ठेवली. प्रसादाचा पेढा खाल्ला आणि गुपचूप स्कूटरला किक मारली.

पुढच्या वर्षी त्या मोठ्या कारखान्यात कोणी परदेशी भागीदार आला आणि त्याच्याबरोबर एक फतवाही आला. कारखान्याला माल पुरवणाऱ्या प्रत्येकाने आपलं सॉफ्टवेअर अधिकृत असल्याचं दाखवायचं. तपासायला कारखान्याचा माणूस येणार, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ज्याचं अधिकृत नसेल त्याचा वेंडर कोड बंद. वेंडर कोड म्हणजे कारखान्याच्या दप्तरातला आपला नंबर. तो गेला की रोज तंबाखू मागणारा गेटवरचा वॉचमनसुद्धा ओळख दाखवत नाही. अण्णांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कोड गेला तर ऐन दिवाळीच्या तोंडावर माणसं घरी बसवायची वेळ येणार होती, आणि त्यातली निम्मी त्यांच्याबरोबर फिटर म्हणून राबलेली. अण्णांचं जेवण कमी झालं, असं वैशालीने मला सांगितलं.

मग मला बोलावणं आलं. माझ्याबरोबर सॉफ्टवेअर कंपनीचा पुण्याचा एक टायवाला अधिकारीही आला. त्याने शेडमधले कॉम्प्युटर मोजले, तीन निघाले, आणि तीन कायमची लायसन्सं घ्या म्हणाला. किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्यात सेकंडहँड लेथ येतो. आणि तो लेथ दुसऱ्या कोणी चालवला तर लेथवाला भांडायला येत नाय."

मी माझे तीन प्रश्न काढले. तीन कॉम्प्युटर खरे, पण ड्रॉइंग काढणारी एकटी वैशाली, तीही सकाळपासून दुपारपर्यंत. संध्याकाळी प्रशांत ती ड्रॉइंग उघडून बघायचा आणि छापायचा. तिसऱ्या कॉम्प्युटरवर बिलं निघायची आणि उरलेला वेळ पत्ते. शिवाय मोठ्या कारखान्याच्या कामाची खात्री तरी कुठे जन्माची होती? करार वर्षाचा, मग लायसन्सही वर्षाचंच बरं. काम गेलं तर लायसन्सही जाऊ दे, गळ्यात धोंडा नको. मी सुचवलं की वर्षाचं एकच सामायिक लायसन्स घ्या. लॉक एका कॉम्प्युटरला लावायचं, तिन्हीकडून सॉफ्टवेअर उघडतं, फक्त एका वेळी एकच माणूस.

"म्हंजे लेथ एक आन् पाळ्या तीन," अण्णा म्हणाले.

"अगदी तसंच."

"मंग एवढा वेळ इंग्रजीत काय सांगत होते हे?" त्यांनी टायवाल्याकडे बोट केलं. परतीच्या गाडीत टायवाला पुण्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नसेल, पण मी नाशकातच उतरले होते, त्यामुळे मला फरक पडला नाही.

लायसन्स आलं. पहिले काही दिवस शेडमध्ये नुसती बोंबाबोंब. प्रशांत ड्रॉइंग उघडं ठेवून चहाला जायचा आणि इकडे वैशालीला सॉफ्टवेअर आत घ्यायचं नाही. मग तिने मशीन पुसायच्या लाल फडक्याचा एक तुकडा फाडला. ज्याच्या मॉनिटरवर फडकं, त्याची पाळी. सॉफ्टवेअर कंपनीच्या जाडजूड पुस्तकात असला उपाय कुठे नव्हता. पडद्यावर आता जॉनच्या जागी "पुंजाराम इंजिनिअरिंग वर्क्स" असं झळकायचं. अण्णा येताजाता केबिनच्या काचेतून ते वाचायचे.

त्यात खंडेनवमी आली. मी काही त्या दिवशी तिथे नव्हते, नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे परतत होते तेवढ्यात वैशालीचा फोन. "ताई, लॉक दिसत नाही असं म्हणतोय कॉम्प्युटर."

"नीट खोचलंय का?"

"खोचलंय. पण ताई…" ती घुटमळली. "परवा अण्णांनी त्याची पूजा केली."

"मग करू दे ना. हळदकुंकवाने काही होत नाही."

"नुसतं हळदकुंकू नाही," ती म्हणाली. "तुम्ही याच."

मी गॅस बंद केला आणि निघाले. शेडमध्ये पोचले तर सगळे केबिनभोवती गोळा झालेले. वैशालीने लॉक माझ्या हातावर ठेवलं. बुळबुळीत लागलं. नाकाजवळ नेलं तर साजूक तुपाचा वास.

झालं होतं असं. इतकी वर्षं खंडेनवमीला जो कॉम्प्युटर चादरीखाली राहिला, तो यंदा पहिल्यांदा हक्काचा झाला, याचा अण्णांना कोण आनंद! नुसतं हळदकुंकू त्यांना कमी वाटलं. घरातल्या देवांना पहिल्या पूजेला करतात तसा त्यांनी लॉकला ताम्हनात ठेवून पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर, वर शुद्धोदक. आणि मग फिटरच तो! पाणी लागलेलं लोखंड तसंच ठेवलं तर गंजतं, हे हातात मुरलेलं. म्हणून लॉकच्या बारीक पिनांवर त्यांनी मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले, फडक्याने पुसलं आणि परत जागेवर खोचून दिलं.

"अण्णा!" मी ओरडलेच. "घरातल्या देवांना तरी तेल लावता का हो?"

"देव पितळेचे हायेत," अण्णा पडेल आवाजात म्हणाले. "हे गंजलं असतं."

आम्ही काय काय नाही केलं! स्पिरिटने धुतलं, कॉम्प्रेसरची हवा मारली, बाहेर उन्हात ठेवलं. पिनांमधून अक्षतेचा एक दाणा निघाला, तेव्हा मला वाटलं आता चालेल. कसलं काय. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, खराब लॉक कुरिअर करा, नवीन येईल, आठवडा तरी लागेल. आणि बिघाडाचं कारण सांगा. आग, पूर, चोरी, की विजेचा दाब? मी म्हटलं, यात पंचामृत बसतं का? बाईंनी स्पेलिंग विचारलं. मी फोन ठेवला.

तपासणीसाहेब दुपारी येणार होते. बिल माझ्याकडे होतं, लायसन्सचा कागद होता. पण साहेबांची ख्याती मला ठाऊक होती. बिलावर ते विश्वास ठेवत नसत, कारण सातपुरात हव्या त्या तारखेचं बिल कोणीही आणून दाखवायचा. ते सॉफ्टवेअर उघडायला लावायचे आणि पडद्यावर शेडचं नाव वाचायचे. आमचा पडदा मख्ख होता.

प्रशांत मगाचपासून मोबाइल घेऊन शेडच्या मागे गेला होता. थोड्या वेळाने मोटरसायकलवरून सीडीवाला बंटी आला. नाव बंटी, पण चाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ. त्याने मला बघून नमस्कार केला. एकाच गल्लीतल्या दोन दुकानदारांसारखी आमची ओळख होती. "ताई, तुमची हरकत नाय ना?" असं विचारून तो बसला, चोरीची सीडी घातली, कसलीशी खटपट केली, आणि सॉफ्टवेअर झक्क उघडलं. त्याने नावही बदलून दिलं होतं. पडद्यावर "पुंजाराम इंजिनिअरिंग वर्क्स".

मला इतका संताप आला म्हणून सांगू! पैसे भरलेलं बंद आणि फुकटचं चालू. ना लॉक, ना तारीख, ना मदतकेंद्रातल्या बाई. मी ज्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं घसा कोरडा केला तो माल माझ्यासमोर विनातक्रार पळत होता, आणि माझा माल तुपाचा वास मारत ताटलीत पडला होता. प्रशांत माझ्याकडे वळला. "ताई, तुम्हीच सांगा. आपण पैसे भरलेत ना? मग साहेबांपुढे दहा मिनिटं हे दाखवलं तर ती चोरी कशी?"

खरं सांगते, कायद्याने काय ते मला पाठ होतं, पण दारात उभ्या असलेल्या कामगारांच्या तोंडाकडे बघून ते म्हणवेना.

अण्णा चष्मा लावून पडद्याजवळ गेले. "हे नाव आपलंच हाय?"

"आपलंच आहे अण्णा," प्रशांत म्हणाला.

"आन् आत?"

प्रशांतने मान वळवली. शेवटी बंटीच म्हणाला, "आत जॉन."

"मंग बंद कर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कोड जाईल! ही सगळी माणसं घरी बसतील!"

"मला नाय कळत का ते?" अण्णांचा आवाज फाटला. वर्षभर मी त्यांना ओळखत होते, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता.  "परवा त्याच्यापुढं नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. आज त्याच्याच खुर्चीत जॉनला बसवू? बंद कर म्हणतो ना." वैशालीने पुढे होऊन बटण दाबलं. बंटीने आपली सीडी काढून घेतली, पैसे मागितले नाहीत, आणि निघून गेला. प्रशांत तोंड फिरवून उभा राहिला.

साहेब आले. देसले त्यांचं आडनाव, मूळचे सटाण्याकडचे, पण कडक इस्त्रीचा शर्ट आणि ऑफिसची कोरडी मराठी. मी बिल पुढे केलं, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. "सॉफ्टवेअर उघडा."

"उघडत नाही सर," वैशाली म्हणाली. "लॉक खराब झालंय."

"असं?" देसले साहेब हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आज सकाळपासून दोन शेड बघितल्या. एकाचं लॉक चोरीला गेलं, एकाचं उंदराने कुरतडलं. तुमचं काय झालं?"

अण्णा ताम्हन घेऊन पुढे आले. झेंडूच्या पाकळ्यांत लॉक ठेवलेलं, ताम्हनाच्या काठाला कुंकवाचा ओघळ सुकलेला. साहेबांनी ते दोन बोटांनी उचललं, निरखलं, नाकाशी नेलं.

"हा कसला वास?"

"तुपाचा, साहेब. धुतलं तरी जात नाय. मध पण हाय."

"तूप?"

"अभिषेक केला. मंग गंजू नये म्हणून तेल लावलं." प्रशांतने डोळे मिटून घेतले. पण अण्णा थांबले नाहीत. "साहेब, या सातपुरात मी कित्येक वर्षं चोरीचंच वापरलं. तुम्हाला लिहायचं तर लिहा. पण तेव्हा खंडेनवमीला त्या कॉम्प्युटरला कधी हळदीचं बोट लावलं नाय, चादर टाकून ठेवायचो. ही माणसं साक्षीला हायेत. हे पहिल्यांदा आपलं झालं, म्हणून त्याला पाटावर घेतलं. तुम्हीच सांगा, चोरीच्या मालाला कोण हळदकुंकू लावतं?"

 देसले साहेब लॉककडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं ठसका लागला. माणूस हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती इस्त्री, ती ऑफिसची मराठी, सगळं गळून पडलं. "खरं शे अण्णा," ते गावाकडच्या अहिराणीत म्हणाले, "खरं शे."

त्यांनी कागदावर काय लिहिलं ते मी पाठीमागून वाचलं. "लायसन्स अधिकृत. लॉक तांत्रिक कारणाने बंद, दिवाळीनंतर चालू स्थितीत दाखवणे." सही करून त्यांनी लॉक अलगद ताम्हनात परत ठेवलं आणि जाता जाता नकळत बोटं कपाळाला लावली. अण्णा लेथजवळच्या स्टुलावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले, पण मला राग आला की रडू येतंच, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही.

नवीन लॉक आलं. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाटावर यायचं आणि हळदकुंकू पिशवीला लागायचं. ही अट मी घातली होती. सॉफ्टवेअर कंपनीच्या अटींपेक्षा ती जास्त काटेकोरपणे पाळली गेली.

पण पुढे लॉकही गेलं. लायसन्स इंटरनेटवरून यायला लागलं. आकडे टाइप करायचे, पैसे थेट कंपनीला जाणार, मध्ये मी नको आणि माझे तीन प्रश्नही नकोत. माझ्या धंद्याला हळूहळू कुलूप लागलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अमावस्या वजा करून मागणारं गिऱ्हाईक आता कोणाशी भांडत असेल, असं अधूनमधून मनात येतं.

मागल्या खंडेनवमीला वैशालीने आग्रहाने बोलावलं. शेड आता तीच चालवते. अण्णा थकलेत, खुर्चीत बसून होते, पण पूजा त्यांच्याच नजरेखाली. पाटावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने. लॉकची जागा रिकामी. जुनं लॉक करारानुसार कंपनीला परत गेलं होतं.

"ताई," अण्णांनी मला विचारलं, "आता लायसन हाय ना आपलं?"

"आहे ना अण्णा. इंटरनेटवर आहे."

"मंग हळदकुंकू कुठं लावायचं?"

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला नाही नाही ते विचारलं, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी वैशालीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. अण्णांनी थोडा विचार केला आणि पाटाशेजारची जागा हाताने दाखवली.

"वैशाली, ताईंना बसव तिथं. लायसन आणणारं माणूस तरी दिसतंय ना आपल्याला. त्यांनाच लाव."

मी बसले. वैशालीने हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल हातात दिलं, कामगारांनी हात जोडले. असं कोणी हात जोडले की मला गप्प बसवत नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "अभिषेक करा हवा तर. पण ते तेल तेवढं लांब ठेवा."